फळी सोडायची नाय

मे महिन्यात, आमच्या संभाजीनगरात, पंख्याखाली बसायला नकार देणारा माणूस मी एकच पाहिला. ते माझे घरमालक. सिडकोतल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी बरीच वर्षं भाड्यानं राहिले. खाली काकू कूलरसमोर ठाण मांडून बसायच्या आणि काका गच्चीवर, तापलेल्या पत्र्याखाली, घामानं निथळत. का, तर पंख्याचं वारं हे वारंच नव्हे. "घाण्याचा बैल हाय तो. तिथल्या तिथं फिरतंय. त्याच्याखाली बसून माणसाला काय कळणार?"

काय कळायला हवंय, असं मी एकदा विचारलं.

"कुठनं आलंय न् कुठं चाललंय, एवढं तरी कळावं की."

मी खाली जाऊन कूलरसमोर काकूंच्या शेजारी बसले.

गच्चीच्या कोपऱ्यात एका बांबूला त्यांनी लाल फडकं बांधलं होतं. सकाळी उठल्यावर देवाच्या आधी त्या फडक्याचं दर्शन. लोक एकमेकांना भेटल्यावर चहापाण्याचं विचारतात, काका विचारायचे, "वारं कुठलंय आज?" आणि माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा ती ठेवायचीच नसत. ज्याच्या त्याच्या गावानं ते हाक मारत. मी पाचोडची, म्हणून मी पाचोड. शेजारचे निवृत्त मास्तर जालना. काकूंचे वडील अजिंठ्याच्या लेण्यांजवळ, फर्दापूरला, चहा-नाश्त्याचं दुकान चालवायचे, तेव्हा काकू फर्दापूर. "फर्दापूर, वाढा आता, भूक लागली," अशी हाक आली की समजायचं, स्वारी खुशीत आहे. रागात असले की नुसतं "अगं" म्हणत.

स्वतः ते सिल्लोडकडचे, कापूस-मक्याच्या घरातले. शिकून वाळूजच्या एका कंपनीत तपासणी खात्यात लागले. तिशीत असताना कंपनीनं त्यांना काही महिने जर्मनीला धाडलं. तिथं सुट्टीच्या दिवशी करमेना म्हणून हे एका तळ्यावर फिरायला गेले, आणि एका फळीवर उभं राहून, हातात शीड धरून, पाणी कापत जाणारा एक म्हातारा त्यांना दिसला. ना इंजिन, ना वल्हं. झालं! त्या म्हाताऱ्याच्या मागं लागून, त्याची भाषा येत नसताना, ते ती विद्या शिकले. येताना बरोबरच्यांनी अत्तरं आणली, कॅमेरे आणले. काकूंनी मिक्सर मागितला होता. काकांनी शीड आणलं. विमानतळावर अडवून विचारलं तेव्हा "तंबू आहे" म्हणाले. घरी काकूंनी विचारलं तेव्हा मात्र खरं सांगून बसले, आणि तिथंच फसले.

फळी काही विमानातून आणता आली नाही. ती त्यांनी पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारागिराकडून करवून घेतली, आत थर्माकोल आणि वर फायबर. कारागिरानं सवयीप्रमाणे तिला टाकीचा निळा रंग दिला आणि झाकण कुठं बसवायचं म्हणून विचारलं. काकू त्या फळीला पहिल्या दिवसापासून सवत म्हणायच्या. तळ्यावरून आल्यावर काका अंगणात नळाखाली फळी धुवायला घेत, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज येई, "झाली का सवतीची आंघोळ? मग गॅस संपलाय, तेवढं बघा."

शीड गच्चीवर वाळत असे. अख्ख्या गल्लीला ते मांडवाचं कापड वाटे. एकदा जालना, म्हणजे ते शेजारचे मास्तर, नातवाच्या बारशासाठी ते मागायला आले. काका जीप देत, कुकर देत, सतरंज्या देत. शीड म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की मास्तरांनी बिचाऱ्यांनी दुसरंच काहीतरी मागितल्यासारखं केलं आणि तांब्याभर ताक घेऊन गेले.

तर अशा माणसाचा रविवार ठरलेला. जीपच्या टपावर फळी, मागं शीड, बिडकीनवरून पैठण रस्त्यानं नाथसागर. धरणाच्या भिंतीपासून बऱ्याच अलीकडं, उत्तरेच्या काठावर एका गावामागं त्यांची जागा होती. भोई लोकांच्या होड्या तिथं ओढून ठेवलेल्या असत. काठावर उभं राहिलं की समोर पाणीच पाणी. पलीकडचा काठ स्वच्छ दिवशीच दिसायचा. हिवाळ्यात मात्र काका तिथं फिरकत नसत. लांबून पक्षी आलेले असतात, त्यांना शिडाचा धसका बसतो, म्हणून दिवाळीपासून होळीपर्यंत फळी घरीच. "ते कुठनं कुठनं उडत आलेत बिचारे. मी बिडकीनवरनं आलोय. हक्क कुणाचा?"

एकदा एका बातमीदारानं त्यांना काठावर गाठलं. त्याला बातमीचा शेवट आधीच सापडलेला होता. आवाज हळवा करून म्हणाला, "काका, तुमचं गाव या पाण्याखाली गेलंय ना? म्हणून येता ना तुम्ही इथं?"

"माझं गाव सिल्लोडकडं," काका म्हणाले. "तिथं प्यायला पाणी नाय, बुडायला कुठनं आणायचं?"

"मग का येता?"

"इथं वारं असतं."

ती बातमी काही छापून आली नाही.

मी पाचोडची, म्हणजे विहिरीत पोहायला शिकलेली. वडिलांनी पाठीला डबा बांधून ढकललं होतं, आणि पुढं मीच भावांना ढकलत असे. पोहण्याचा मला गर्व होता, अजूनही आहे. काका शिकवतात म्हटल्यावर मी तयारच होते. पण त्यांनी आधी विचारलं, "पोहता येतं?"

"फर्स्ट क्लास."

त्यांचं तोंड पडलं. "तिथंच घोळ हाय."

मला वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती. पोहता न येणारा माणूस आणा, चार रविवारात शिकवतो, असं ते सगळ्यांना सांगत. त्यांचं म्हणणं असं होतं: "आपण विहिरीची माणसं, पाचोड. विहिरीत पडलं की काय करतो? चार हात मारले की पायरी. आठ हात मारले की पलीकडची भिंत. कुठंबी पोहा, काठ आपला हातभरावर. ते अंगात मुरलंय. तसला माणूस तलावात पडला की फळी सोडतो न् काठाकडं हात मारायला लागतो. तलावाचा काठ डोळ्याला जवळ असतोय, हाताला लांब. अर्ध्यात गेल्यावर कळतं, पायरीच नाय. ज्याला पोहता येत नाय तो भेतो, फळीला मिठी मारतो, न् वाचतो."

फळी पाण्यावर तरंगणार, ती बुडत नाही. वारा झेपेनासा झाला की शीड सोडून द्यायचं, ते पाण्यात पडतं आणि नांगरासारखं फळीला धरून ठेवतं. आपण फळीवर पालथं पडायचं. वाहत वाहत कुठल्या ना कुठल्या काठाला लागायचं. कुठला काठ, हे विचारायचं नाही. शीड सोडायचं, फळी सोडायची नाय. हा त्यांचा एकच मंत्र, आणि तो त्यांनी काठावरच्या भोयांपासून पंक्चर काढणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ऐकवून झालेला होता.

माझी परीक्षा त्यांनी छातीइतक्या पाण्यात घेतली. तरंगायचं जाकीट घालून मी फळीवर चढले, शीड उचललं, दोन क्षण राणीसारखी उभी राहिले आणि धपकन पडले. वर आले, झकास हात मारत काठाला लागले आणि केस निथळत त्यांच्यासमोर उभी राहिले, शाबासकीच्या अपेक्षेनं.

"नापास."

"अहो काका, आले ना काठाला! बुडाले का?"

"फळी कुठंय?"

मी मागं वळून पाहिलं. फळी माझ्यावाचून मजेत पाण्यावर डुलत होती. पुढच्या रविवारी मी मनाशी घोकून गेले, की पडलं की फळी, पडलं की फळी. पडले आणि पुन्हा काठाला आले. माझं डोकं ऐकत होतं, हात ऐकत नव्हते. कितीतरी रविवार मी नापास झाले आणि शेवटी चिडून काठावरच बसायला लागले. पुढं होकायंत्रासारखं माझं एकच काम उरलं. वारा कुठला, ढग कुठले, ते बघायचं आणि धोका दिसला की जीपचा हॉर्न लांब वाजवायचा.

काठावर मला सोबत काकूंची. त्या जीपच्या मागच्या फळकुटावर, पाण्याकडं पाठ करून बसत आणि तूर नाहीतर तांदूळ निवडत. पाण्याकडं मान वळवून बघायच्याही नाहीत. काका शीड उभं करता करता दर खेपेला विचारत, "येतीस का?" आणि दर खेपेला उत्तर ठरलेलं, "माझं काय अडलंय तिथं?" मला आधी हा नवरा-बायकोचा नेहमीचा खेळ वाटायचा. एकदा काका लांब गेलेले असताना काकू ताटातले खडे वेचत बोलून गेल्या.

"रविवार माझा कधी नव्हताच गं. लेकीच्या लग्नात मांडवात उभे होते, पण ध्यान मांडवाच्या झालरीकडं. वारं कुठलंय बघत होते. वाईट नायत. मी पडले तर उचलतील, नाय कोण म्हणतं? पण आधी फळी नीट बाजूला ठेवतील, मग मला उचलतील."

हे त्या हसून बोलल्या. पण ताटातला हात थांबला होता. ज्या बाईला लग्नाला इतकी वर्षं होऊनही आपला नंबर कितवा हे माहीत नाही, तिला काय सांगायचं?

त्या पाण्यात उतरल्या त्या निव्वळ वैतागून. एका रविवारी एक जाडजूड इंजिनिअर शिकायला आला होता. तो पडायचा, काका त्याला उठवायचे, तो पुन्हा पडायचा. त्याच्या धपाधप आवाजानं काकूंचं निवडणं होईना. शेवटी ताट ठेवून त्या म्हणाल्या, "याच्यापेक्षा मी बरी उभी राहीन."

"रहा की," काका म्हणाले.

शिकतानाच्या सवयीनं मी जादा आणलेला माझा पंजाबी ड्रेस काकूंनी जीपच्या आडोशाला घातला. ओढणी कमरेला घट्ट बांधली, वर जाकीट. काकांनी फळी धरली, काकू चढल्या, शीड उचललं आणि उभ्या राहिल्या. खरंच उभ्या राहिल्या! बाकी सगळे शिकणारे पायाकडं बघतात आणि पडतात. काकूंना पाण्याकडं बघायची भीती, म्हणून त्यांनी नजर सरळ क्षितिजावर ठोकून ठेवली होती, आणि फळीवर नेमकं तेच लागतं. पोहता येत नाही, त्यामुळं शिडाची दांडी सोडायचा प्रश्नच नव्हता. काका गुडघाभर पाण्यात लहान मुलासारखे नाचत होते. "नजर बघा, नजर! शाबास फर्दापूर!"

तो इंजिनिअर पुन्हा आला नाही. काकू मात्र दर रविवारी तोच ड्रेस घालून पाण्यात उतरायला लागल्या. टाकीवाल्याची निळी रुंद फळी त्यांची झाली, काका नंतर घेतलेल्या अरुंद फळीवर. तूर निवडायचं काम आपसूक माझ्याकडं आलं. काकू फळीला अजून सवतच म्हणत. "आज बरी वागली सवत," असं म्हणत त्या पाण्यातून बाहेर येत आणि काका उगाच दुसरीकडं बघत.

आणि मग तो मे महिन्याचा रविवार.

वारा पश्चिमेचा होता, काठाला समांतर. काकांना तो चालायचा. जमिनीकडून पाण्याकडं वारा असला, की ते जीपवरची दोरीसुद्धा न सोडता परत फिरत, कारण तसला वारा माणसाला आत आत नेतो. त्या दिवशी तसं काही नव्हतं. पाणी आटून खूप मागं गेलं होतं, मध्ये मध्ये गाळाचे उंचवटे उघडे पडले होते. दुपार कलली तसा वारा एकाएकी पडला. काकू बऱ्याच आत होत्या, त्यांचं शीड लोंबकळलं. काका काठाजवळ आलेले होते. इतकं सामसूम झालं की भोयांच्या झोपड्यांतली भांडी वाजलेली मला ऐकू आली. मग कुठून तरी मातीचा वास आला. मी मागं वळले.

मागं, कांदा काढून मोकळ्या पडलेल्या वावरांच्या वर, तपकिरी भिंत उभी होती. जमिनीपासून ढगापर्यंत. वावधान, धुळीचं वादळ! आणि ते पाण्यावरून येत नव्हतं, आमच्या पाठीमागून, उत्तरेकडून, शेतांवरून येत होतं. म्हणजे ते येऊन पोचलं की पाण्यावरच्या माणसाला आतच लोटणार. मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही.

काकांनी मान वळवून पाहिलं. ते इतके जवळ होते की मला त्यांच्या कपाळावरचा पांढरा रुमाल दिसत होता. फळीवरून उतरून चालत आले असते तरी काठ गाठला असता. त्यांनी भिंतीकडं पाहिलं, मग आत काकूंकडं, आणि फळीचं तोंड आत वळवलं.

पहिला झोत आला तेव्हा जीप हलली. काकांच्या शिडात वारा भरला आणि ते सुटले, इतक्या जोरात मी त्यांना कधी जाताना पाहिलं नव्हतं. काही अंतर गेले असतील नसतील, शीड हातातून हिसकावलं गेलं आणि पाण्यावर आदळलं. तिकडं काकूंनी शिकवल्याप्रमाणं शीड केव्हाच सोडलं होतं. निळ्या फळीवर त्या पालथ्या पडलेल्या दिसत होत्या. दोघांच्या मध्ये उकळल्यासारखं पाणी. काकांनी शीड उचलायला दोरी ओढली, वाऱ्यानं ते पाडलं. पुन्हा ओढली, पुन्हा पाडलं. मग ते फळीवर क्षणभर सरळ उभे राहिले. मला वाटलं आता पालथे पडतील.

ते पाण्यात उतरले. फळी सोडली आणि काकूंच्या दिशेनं हात मारायला लागले. सिल्लोडच्या विहिरीतले हात, लांब लांब, उगाच पाणी उडवणारे. मी "काका, फळी!" म्हणून ओरडले. माझा आवाज माझ्या तोंडातच परत आला. मग धुळीनं सगळं झाकून टाकलं, पाणी, फळ्या, माणसं, सगळं.

मी जीपचं दार धरून उभी होते. दातांत माती, डोळ्यांत माती. झोपडीवरचा एक पत्रा माझ्या बाजूनं उडत गेला. मग पाऊस आला, आडवा, टाचण्यांसारखा. मी देवाचं नाव घेतलं, मग रडले, मग काकांना शिव्या दिल्या, त्या इथं लिहिण्याजोग्या नाहीत. मला जाकिटाची आठवण येत होती, जाकीट आहे, जाकीट आहे, असं मी म्हणत होते. पण त्या लाटांत तोंडात पाणी जायला किती वेळ लागतो, हे काकांनीच मला शिकवलं होतं.

तिथं एका भोयाकडं इंजिनाची होडी होती. मी त्याचा हात धरून ओढत होते आणि तो म्हणत होता, "ताई, जरा दम धरा. आत्ता गेलो तर आपुन बी जातो." वारा ओसरला तसा तो स्वतःच उठला. होडीत आम्ही दोघंच. पाणी गढूळ, चहासारखं झालेलं. पहिल्यांदा काकांची फळी दिसली. रिकामी. शीड शेजारी पाण्यात पसरलेलं. भोयानं इंजिन मंद केलं, फळीला हात लावला आणि हळूच म्हणाला, "मालक फळी सोडत नसतेत कधी."

आम्ही फळी होडीला बांधली आणि वारा ज्या दिशेनं गेला होता त्या दिशेनं निघालो. त्या वाटेतलं मला फारसं काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आधी आवाज आला. काकूंचा आवाज. त्या रागावत होत्या.

गाळाच्या एका उंचवट्याला निळी फळी लागलेली होती. काकू तिच्यावर बसल्या होत्या, केस सुटलेले, तोंड चिखलानं माखलेलं. काका खाली चिखलात, गुडघे पोटाशी घेऊन, थंडीनं थडथडत. त्यांच्या मनगटाला काकूंनी माझी ओढणी गुंडाळून तिचं दुसरं टोक फळीच्या पट्ट्याला बांधलं होतं, आणि अजून सोडलं नव्हतं.

"जगाला शिकवता! साऱ्या जगाला अक्कल शिकवता! न् स्वतः? वय काय, धाप किती लागती, काय बघितलं? मी पडले होते ना गुमान फळीवर? माझं मी आले असते ना काठाला? तुम्हाला कुणी बोलावलं होतं?"

काका मान खाली घालून ऐकत होते. नंतर काकूंकडूनच कळलं ते असं: त्या डोळे मिटून फळीला चिकटून होत्या. खोकल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर दोन हातांच्या अंतरावर काकांचं डोकं, लाट त्यावरून जातेय, हात नुसते वळवळतायत. हात दिला तर त्यांना तो धरता येईना. मग काकूंनी एका हातानं कमरेची ओढणी सोडून त्यांच्या मनगटाला गुंडाळली. एका हातात फळी, एका हातात नवरा, आणि पोहता न येणारी ती बाई दोन्ही न सोडता वाहत वाहत तिथवर आली.

होडीत काका इतकंच म्हणाले, "चूक झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले. काका गच्चीवर गेले नव्हते, आत झोपले होते. काकू कूलरसमोर बसल्या होत्या, पण कूलर बंद होता. मला जवळ बसवून, आतल्या दाराकडं एकदा बघून, माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "फळी टाकून आले गं माझ्याकडं." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. एखाद्या पोरीनं मैत्रिणीला चिठ्ठी आल्याचं सांगावं, तसं त्यांनी ते सांगितलं. पदर तोंडाला लावून रडत होत्या आणि हसत होत्या. मलाही रडू आलं. "त्यांच्यापाशी बोलू नको. लाज वाटती त्यांना त्याची."

खरंच वाटत होती. लोक म्हणत, वाचलात, नशीब. काका म्हणत, "नशीब नाय. फर्दापूरला शिकवलेलं लक्षात राहिलं, मला नाय राहिलं." जन्मभर ज्या एका चुकीपासून त्यांनी गावोगावच्या माणसांना वाचवलं, ती त्यांनीच केली होती, आणि काकूंच्या मनात काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. काकूंनीही ते सांगितलं नाही. काही बायका असं एखादं सुख कुणाला न दाखवता ठेवून देतात. मला त्यांचा तेव्हा राग यायचा. सांगून टाका की एकदा, असं वाटायचं.

पुढच्या रविवारी जीप निघाली. काठावर गेल्यावर काकांनी काकूंचं शीड उभं करून दिलं. स्वतःचं गुंडाळलेलंच ठेवलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. भोई म्हणाले मालक भ्याले. जालना म्हणाले वय झालं, बरंच झालं. काकूंनी दोन-तीनदा "येता का?" म्हणून विचारलं. काका म्हणाले, "तू जा." कारण विचारलं की पाण्याकडं बघत बसत. मग मीही विचारायचं सोडून दिलं. पुढं माझी बदली झाली, वरची खोली सुटली, आणि काका-काकू दिवाळीच्या फोनपुरते उरले.

मागच्या उन्हाळ्यात मी मुद्दाम रविवार धरून गेले. जीप तीच, जागा तीच. काका जास्त वाकले होते. शहरातली तीन-चार कॉलेजची मुलं-मुली शिकायला आली होती, आणि काका त्यांना चिखलात अर्धगोल बसवून बोलत होते. काकू थोड्या अंतरावर, पाण्यात पाय सोडून फळीवर बसल्या होत्या, निघायच्या बेतात. मी शिडाची दोरी त्यांच्या हातात दिली होती.

"पोहता येणारे हात वर करा," काका म्हणाले. सगळ्यांनी केले. "मग ऐका. मला बी येत व्हतं. मी पन्नास जणांना सांगितलं फळी सोडू नका, न् वावधानात मीच सोडली. याच पाण्यात. त्याला मूर्खपणा म्हणतेत. माझ्यासारखं करू नका."

मुलं जरा हसली. काका हसले नाहीत. त्यांनी ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल कोण जाणे, पण सांगताना त्यांचे कान अजून लाल होत होते. मी काकूंकडं पाहिलं. इतकी वर्षं त्या ही गोष्ट पाण्याकडं तोंड करून मुकाट्यानं ऐकत आल्या असतील. त्या दिवशी त्या वळल्या.

"अहो," त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "परत तसंच झालं तर? मी आत, न् वावधान आलं तर? धराल का मग फळी?"

मुलं काकांकडं बघायला लागली. काकांनी चिखलातली एक काडी उचलून तिचे तुकडे केले. मास्तरानं वर्गासमोर काय सांगायला हवं ते त्यांना माहीत होतं, आणि ते खोटं ठरणार हेही माहीत होतं.

"नाय," ते शेवटी म्हणाले. "परत सोडीन. दर बारीला सोडीन. ठाऊक हाय मला. म्हणून तर काठावर बसतो, फर्दापूर. मी आत आलो तर दोघं बी बुडू."

काकू फळीवर चढल्या, पाय रोवले, शीड उचलायला वाकल्या. दोरी हातातून निसटली. पुन्हा वाकल्या, पुन्हा निसटली. वारा तर त्या दिवशी नावालाच होता.